सात जागी अंधार

कापायचं काम माझ्याकडं आलं
कारण कॉलेजात एडिटिंग मलाच येत होतं
आणि माझी फी भरायची राहिली होती.
दुसरं कारण कुणी बोललं नाही.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये कूलर घरघरत होता.
कागदावर सात आकडे, मिनिट-सेकंद,
प्रत्येकासमोर 'वगळणे'.
चौथ्या आकड्यापाशी अंबक्का तेलुगूत काहीतरी म्हणते,
ती शिवी आहे का, समितीत कुणालाच सांगता येईना.
'चेहऱ्यावरून वाटते,' सर म्हणाले.

नागमणी चिलवेरीचा सिनेमा, बावीस मिनिटांचा.
तिच्या आत्याचा, विडी वळणाऱ्या बोटांचा.
मुकादम हजारातल्या दोनशे छाट म्हणून बाजूला सारतो,
पैसे आठशेचे देतो
आणि त्या दोनशे परत करत नाही.
हा सहावा आकडा.
दुसऱ्यात नुसती भिंत. तीन सेकंद.
भिंतीवर रंगवलेलं नाव अर्धंच दिसतं,
पण संस्थेत ते पूर्ण वाचता येणारे लोक आहेत.

बाहेर सायकल स्टँडपाशी पोरं बसलेली, पाचवा दिवस,
मार्चातच चाळिशी ओलांडलेलं ऊन.
मल्लेशम गाजूलनं घरच्या मागावरचे
जकार्डचे जुने पत्ते आणले होते, भोकाभोकांचे.
त्यावर लिहिलेली घोषणा वर धरली
की खाली सावलीत उजेडाचे ठिपके पडायचे,
कुठल्यातरी चादरीवरच्या मोराचे.
बारा जानेवारीला हुतात्म्यांना हार घालताना
सरांनी केलेलं भाषण
रुक्साना नदाफनं म्हणून दाखवलं,
जसंच्या तसं, खोकल्यासकट.
गेटवरच्या हवालदारानं शेंगा खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

मी त्यांच्यासमोरून गेलो, मुठीत पेन ड्राइव्ह.
'गेला बे, कात्री,' महांतेश म्हणाला.
माझं नाव अजून तेच आहे.

रात्री वडलांनी विचारलं, 'काय करलालास?'
'कापलालो.'
'काय?'
'सिनेमा.'
शेजारच्या मागांच्या खटखटाटात
त्यांना ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.
आमचा माग थांबवून
ते ताण्यातल्या तुटक्या धाग्याला
थुंकी लावून गाठ मारत होते.
पांघरलं की त्या गाठी मला लागतात, लहानपणापासून.
गिऱ्हाइकाला लागत नाहीत म्हणे.

मी कागद पुन्हा वाचला.
'वगळणे' सात वेळा होतं.
'जोडणे' कुठंच नव्हतं.

शनिवारी सभागृह. समिती पुढच्या रांगेत.
शिक्का मारलेली, मंजूर प्रत.
एक मिनिट चाळीसला पडदा काळा झाला.
लाइट गेली म्हणून सरांनी वर पाहिलं,
पंखे फिरत होते.
मी सातही जागी कापलं होतं, सेकंदाला सेकंद,
आणि कापल्याजागी तेवढाच अंधार ठेवला होता.

दुसरा, भिंतीचा,
पापणी लवावी तसा गेला.
तिसऱ्यात खुर्च्या करकरल्या.
चौथ्यात मागून कुणीतरी
अंबक्काचं वाक्य म्हटलं, बहुतेक नागमणीनं.
मग तिकडच्या गल्लीतली सगळी पोरं.
मग ज्यांना तेलुगू येत नाही तेही,
चुकीचं, महांतेश तर कानडी हेल काढून.
सर उभे राहिले,
पण अंधारात बोट कुणाकडं दाखवणार?

'शिवी न्हाई ती,'
दाराकडून बाईचा आवाज आला.
'पाणी मागलालते मी.'

कुणीतरी हसलं. मग कुणीच नाही.
पाचवा तसाच गेला, गप्प.

सहावा अंधार बावन्न सेकंदांचा होता.
दाराशी तोच आवाज, हळू,
हिशेबाला बसल्यासारखा:
वकटी, रेंडू, मूडू, नालुगू.
एकेक छाट विडी मोजत.
बावन्न सेकंद संपले, पडद्यावर उजेड आला,
मुकादम पैसे देऊन निघूनही गेला.
ती तिसापर्यंतसुद्धा पोचली नव्हती.
थांबलीही नाही.